जुन्या गाडीचा गंज: रंग कुठे लावायचा, पत्रा कुठे कापायचा

गाडीला गंज लागला की नजर आधी रंगावर जाते. मागच्या चाकाच्या कमानीवर आलेला फोड, दाराच्या खालच्या कडेला धरलेली तांबूस रेघ, नंबरप्लेटभोवती उठलेले पापुद्रे. सोसायटीत चारचौघांत गाडी बरी दिसत नाही म्हणून आपण ती गॅरेजात नेतो. मिस्त्री म्हणतो, "साहेब, पॉलिशपेपर मारतो, पुट्टी भरतो, वरून रंग. गणपतीला गावी न्याल तेव्हा नवीकोरी." आणि गाडी खरंच नवी दिसते. पण कशेडीच्या घाटात दगा देईल असा गंज बहुतेक वेळा या रंगाच्या आसपासही नसतो. तो असतो पायाखालच्या गालिच्याखाली, ब्रेकच्या पाइपला धरणाऱ्या क्लिपमागे, नाहीतर डिकीतल्या सीएनजी टाकीच्या पट्ट्याखाली. गंज किती लागलाय याच्या आधी तो कुठे लागलाय हे बघायचं, आणि पैसे त्या क्रमाने घालायचे. पुढचं सगळं त्याच्या तपशिलाचं आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं. त्यापुढचं मात्र गाडीवाल्याच्या जास्त कामाचं आहे. गंजणं ही विजेची क्रिया आहे. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच शेजारच्या जागी जातात आणि तिथे हवेतला प्राणवायू ते घेतो. म्हणजे पत्र्याच्या एकाच तुकड्यावर बॅटरीची दोन टोकं तयार होतात. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक एव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे लोखंडावर खारट पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवलं. थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी कमी पोचतो. आणि लोखंड झिजतं ते मध्यभागी.

हे ऐकायला उलटं वाटतं. प्राणवायूमुळे गंज लागतो, तर जिथे हवा भरपूर तिथे जास्त लागायला हवा. पण झीज होते ती हवा कमी असलेल्या ओल्या जागेत, आणि गाडीत गंज कुठे शोधायचा याचं उत्तर त्यातच आहे. चाकाच्या कमानीत आतून चिकटलेला चिखल, दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग केलंय ती फट, रबरी मॅटखाली ओला राहिलेला गालिचा, रंगाच्या फोडाखालची पोकळी. उघड्यावरचा पत्रा भिजतो आणि वाळतो. दबलेला पत्रा भिजतो तो भिजलेलाच राहतो.

दुसरी अडचण गंजाच्या स्वभावात आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने जो थर येतो तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, सुटतो, आणि खाली पुन्हा ताजं लोखंड उघडं पाडतो. रंगाला फोड येतो तो या फुगण्यामुळे. गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. पुष्कळदा गंज आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेर येतो, त्यामुळे वाटाण्याएवढा फोड दिसेपर्यंत आतली काही इंच जागा पातळ झालेली असते. वरचा फोड घासून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात तो त्याच जागी परत येतो, आणि आपण रंगाऱ्याला दोष देत बसतो.

आता मुंबईचं. कुलाबा असो की सांताक्रूझ, पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे साधारण दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण नुसतं पावसाचं पाणी तितकं वाईट नाही, ते मीठ धुऊनही नेतं. खरा त्रास मिठाचा. समुद्राच्या वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक कण येतात आणि गाडीवर, गाडीखाली, बोनेटच्या आत बसतात. मीठ पाण्याला वीज वाहून न्यायला मदत करतं, म्हणजे वर सांगितलेली बॅटरी जोरात चालते. शिवाय हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः ओलं होतं. त्यामुळे पाऊस नसतानाही, ऑक्टोबरच्या घामट रात्री, वरळी किंवा मरीन ड्राइव्हच्या आसपास उभी केलेली गाडी खालून ओलीच असते. नुसतं लोखंड साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर गंजायला लागतं. मुंबईत त्याखालचे दिवस मोजकेच.

युरोप-अमेरिकेतले गाडीच्या गंजाचे व्हिडिओ बघून आपल्याकडे बरेच जण घाबरतात किंवा निर्धास्त होतात. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून गाडी खालून सडते. आपल्याकडे मीठ हवेतून येतं आणि पाणी सगळीकडून. भरतीच्या वेळी नाले तुंबले की हिंदमाताला किंवा मिलन सबवेला दाराच्या पट्टीपर्यंत साचलेलं पाणी हे नुसतं पावसाचं राहत नाही. त्यात गटार असतं, आणि जागेनुसार खाडीही. अशा पाण्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याचा पाइप खालून मारणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. बोनेट-टप चकाचक करून काही उपयोग नाही. चाकाच्या कमानीच्या आतल्या ओठावर बोट फिरवून साचलेला चिखल काढा. मी या एका सवयीला कुठल्याही महागड्या कोटिंगपेक्षा जास्त मानतो.

गाडी तपासायची ती लिफ्टवर किंवा रॅम्पवर चढवून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. गंजलेल्या गाडीत जॅक लावायची जागाच आत दबून गाडी खाली येऊ शकते. हातात टॉर्च, जुना पेचकस आणि छोटी हातोडी हवी. हातोडीने हलकेच ठोकत जायचं. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द. शंका आली तिथे पेचकसचं टोक दाबायचं. नुसते कण पडले तर वरचा गंज आहे, खड्डे दिसले तर पत्रा पातळ झालाय, आणि पेचकस आत गेला तर तिथे आता पत्रा नाही असंच धरायचं. सेकंडहँड गाडी घेताना बारीकसं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्यावं. पुट्टीचा जाड थर असेल तिथे ते धरत नाही.

बघायचं कुठे? मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक गाड्यांपर्यंत वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. त्यामुळे दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी, जिला गॅरेजात फूटबोर्ड किंवा सिल म्हणतात, ती दिसायला शोभेची पट्टी वाटली तरी गाडीचा भार तीच धरते. अपघातात तुमच्या आणि आदळणाऱ्या वस्तूच्या मध्येही तीच असते. शॉक अ‍ॅब्झॉर्बर वर जिथे बोल्टने बसतात ते बोनेटमधले दोन गोल उंचवटे, पुढचा क्रॉसमेंबर म्हणजे सांगाड्याची आडवी पट्टी, मागच्या अ‍ॅक्सलचे हात जिथे बॉडीला धरतात त्या जागा, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट. या जागांवरचा गंज सुपारीएवढा असला तरी गंभीर. बोनेटवर, दाराच्या मधोमध किंवा मडगार्डवर ताटाएवढा असला तरी तो दिसण्यापुरता. बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांना खाली वेगळी जाड चेसिस असते, तिथे बॉडीच्या गंजाची एवढी धास्ती नाही. पण चेसिसवर पापुद्रे सुटत असतील तर मग विषयच वेगळा.

ब्रेकचे पाइप बारीक पोलादी नळ्या असतात, आणि गाडीखालून पुढून मागे जातात. त्या कुजतात त्या क्लिपखाली, जिथे ओला चिखल अडकतो. नुसती तांबूस छटा असेल तर घासून, रंगवून चालतं. नखाला खड्डे लागले की पाइप बदलायचा, आणि अख्खा बदलायचा. कुजलेला तुकडा कापून मधे जोड देणारा मिस्त्री भेटला तर तिथून निघा. ब्रेक ऑइलची पातळी कारण नसताना उतरत असेल, पेडल मऊ लागत असेल, तर गाडी हलवूच नका. ब्रेक ऑइल स्वतः हवेतलं पाणी शोषतं आणि आतून गंजवतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपल्याकडे ते गाडी विकेपर्यंत तेच असतं. डिस्कवर मात्र एका पावसात येणारा नारिंगी थर बघून घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो.

सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सीएनजीतही भरपूर होतं. गाडी लांब पळाली की सायलेन्सर तापून ते निघून जातं. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर एवढीच फिरणारी गाडी ते पाणी आतच साठवते. सायलेन्सरला भोक पडलं की आवाज वाढतो आणि आपण तो सहन करतो. पण त्याच गाडीचा तळही कुजलेला असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. काचा बंद, एसी चालू आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर तासभर कोंडी, अशा वेळी डोकं जड होत असेल तर काचा उघडा, आणि नंतर सगळ्यात आधी गाडी खालून बघा.

सीएनजीचा वेगळा मुद्दा आहे, कारण मुंबईत असंख्य घरगुती गाड्यांच्या डिकीत टाकी आहे. डिकीच्या रबरातून पाणी झिरपतं, टाकीखाली साचतं, आणि टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांखाली गंज धरतो. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते, त्यात टाकीची तपासणी होते. डिकीच्या ज्या पत्र्यावर टाकीचा सांगाडा बोल्टने बसवलाय, तो पत्रा मात्र तुम्हालाच बघायचाय. टाकीवर पॉलिशपेपर, अ‍ॅसिड, ग्राइंडर काहीही घरी चालवू नका. आणि कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर टाकी अधिकृत सीएनजीवाल्याकडून उतरवून घ्या, बॅटरीच्या तारा काढा, पेट्रोलच्या टाकीजवळचं काम असेल तर तीही उतरवा. "काही होत नाही साहेब" हे वाक्य इथे ऐकायचं नाही.

इंजिनातही गंज असतो, आणि तो बहुधा आपणच घालतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतत गेलं की गंज रोखणारी द्रव्यं पातळ होत संपतात आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. तो रंग ब्लॉकमधल्या लोखंडाचा.

आता दुरुस्तीकडे. सुरुवात बहुतेक वेळा न सुटणाऱ्या बोल्टपासून होते. गंज फुगतो आणि आट्यांमध्ये ठासून बसतो, म्हणून जोर लावून भागत नाही. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं पातळ तेल मारा आणि रात्रभर ठेवा. सगळ्यांच्या ओळखीचं डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात ओल हटवून धातूला गंजापासून वाचवायला बनवलेलं आहे. चालतं, पण खास आट्यांत शिरणारी तेलं जास्त कामाची. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या, गंजाची पकड तडकते. सोडवायच्या आधी तो किंचित आवळून बघा आणि मगच उलटा फिरवा. थोडा पुढे, थोडा मागे. बारा कोनांऐवजी सहा कोनांची गोटी वापरा, नाहीतर डोकं गोल होतं आणि मग छिन्नी-हातोडी किंवा ग्राइंडरशिवाय इलाज राहत नाही. आच दिली की नट फुगून सैल होतो, पण तेल मारलेल्या जागी, ब्रेकच्या पाइपजवळ, रबरी बुशजवळ किंवा इंधनाजवळ बर्नर नेऊ नका. नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा बघून नागदेवी स्ट्रीटवर तोच मागा. सस्पेन्शनला स्टेनलेसचा चकचकीत बोल्ट लावायची हौस नको, त्यातले बरेचसे १०.९ एवढे मजबूत नसतात. बसवताना आट्यांना गंज रोखणारं ग्रीस लावा, पण चाकाच्या नटांना नाही.

वरवरचा गंज घरीही निघतो. सैल पापुद्रे तारेच्या ब्रशने, मग पॉलिशपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक द्रावण लावलं की त्याचं लोह फॉस्फेट होतं, जे घट्ट बसतं. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकलाय, त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे तयार झालेला फॉस्फेटचा थर हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तेव्हा ही युक्ती जुनी म्हणायला हरकत नाही. द्रावण सांगितलेल्या वेळेनंतर धुवायचं किंवा पुसायचं असेल तसं करून, पत्रा कोरडा होताच प्रायमर लावा. मुंबईच्या हवेत उघडा पत्रा रात्रीत पुन्हा तांबूस होतो. साध्या रेड ऑक्साइडपेक्षा दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर ओल जास्त अडवतो. पुट्टी त्याच्यावर भरावी. उघड्या पत्र्यावर भरली तर ती ओल धरते. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात कोरडा काळ.

भोक पडलं असेल तर तिथे पुट्टी, एम-सील, फायबरची चादर हे सगळं दिसण्यापुरतं. मडगार्डला चालेलही, भाराच्या जागी नाही. तिथे कुजलेला पत्रा निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडायचा. गॅस वेल्डिंगची आच मोठी, पातळ पत्रा वाकतो. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे कुजलेल्या पत्र्यावरच दुसरा पत्रा मारणं. स्वस्त पडतं, लवकर होतं, आणि दोन पत्र्यांच्या मधे तीच हवा नसलेली ओली फट तयार होते. वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचा रंग आणि असेल तर जस्ताचा थरही जळतो. जस्त असेपर्यंत लोखंडाऐवजी ते आधी झिजतं, म्हणून ते गेल्याचं नुकसान मोठं. जोड झाल्यावर पोकळ भागात भोकांतून मेणाचा फवारा मारायला सांगा. बरेच मिस्त्री हे आपणहून करत नाहीत, कारण ते कोणाला दिसत नाही.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल थोडक्यात: स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर चांगलं, गंजावर मारलं तर ओल आत कोंडून वर काळा बुरखा चढवल्यासारखं. पावसाळ्यात गाडीवर चढवलेलं प्लास्टिकचं कव्हर हेच करतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या आणि पर्जन्यवृक्षाची पानं साचतात, ती काढा. पुढच्या माणसाच्या पायाखाली पाणी येतं ते पुष्कळदा तिथूनच.

उरतो प्रश्न, खर्च करावा का. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढते. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००, आणि वर पर्यावरण कर. म्हणजे पत्र्याचं काम पासिंगच्या आधी काढायचं की नाही हे चौदाव्या वर्षीच ठरवा. माझा हिशोब असा: दारं, मडगार्ड, सायलेन्सर, पाइप यावर खर्च करा, ते बदलता येतात. एका बाजूचं सिल कुजलं असेल तर चांगला वेल्डर शोधून करा. दोन्ही सिल, तळ आणि शॉकचे उंचवटे अशा सगळ्याच जागी पेचकस आत जात असेल, तर ती गाडी इंजिन कितीही गोड असलं तरी सोडावी. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी असली तर हे बोलणं घरात जड जातं, ते खरंच.

ठेवायची ठरली तर मिस्त्रीला एक गोष्ट आधीच बजावा. चेसिस नंबर ज्या पत्र्यावर कोरलेला असतो त्यावर ग्राइंडर किंवा जाड पॉलिशपेपर लागू द्यायचा नाही. ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा मागतात, आणि आकडे पुसट झाले की चांगली गाडीही अडकते. मऊ ब्रश, थोडं रॉकेल, वरून ग्रीस. सोडायची ठरली तर भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि तिथून जमा प्रमाणपत्र घ्या. नव्या गाडीच्या करात सवलत त्यावरच मिळते, आणि जुनीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत ती कायद्याने तुमचीच असते.